मासे विकणारीची संकष्टी

माझी माय ख्रिस्ती, आणि मालवणच्या मासळी बाजारात कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार आणि कुणाची संकष्टी, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मी हे फुशारकीनेच सांगते आहे. आमच्या घरात येशूच्या तसबिरीला लागूनच मराठी कॅलेंडर टांगलेलं असतं. सकाळची प्रार्थना झाली की माय बोटाने तारीख शोधते आणि मगच टोपली उचलते. कुणी विसरून उपासाच्या दिवशी मासे घ्यायला आलं, तर ती विकत नाही, आठवण करून देते आणि परत पाठवते. शेजारच्या कोळणी तिला वेड्यात काढतात. काढोत बापड्या.

तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊ. त्यांची बायको संकष्टी कडक पाळायची. ती गेल्यावर तिच्यासाठी म्हणून भाऊंनी उपास चालू ठेवला, पण तिथीवार त्यांच्या डोक्यात कधीच राहत नसत. आजारपणात वहिनींनी मायचा हात धरून सांगितलं होतं, "माझ्या मागे ह्यांका संकष्टीची आठवण तू करून दी गो." मायने शब्द दिला होता.

कॅलेंडरचं पान उलटायचं काम माझं. त्या मार्चमध्ये मी ते विसरले. फेब्रुवारीच्या आणि मार्चच्या तारखांना वार तेच पडले होते, त्यामुळे मायला शंकाच आली नाही. जुन्या पानावरची संकष्टी बघून तिने गुरुवारी भाऊंना रिकाम्या पिशवीने परत पाठवलं. शुक्रवारी ते पुन्हा आले, तेव्हा चांगला सरंगा निवडून, तुकडे करून दिला.

अकराच्या सुमारास एक ओळखीची बाई दूर्वांची जुडी घेऊन चालली होती.

"खंय गो चललंस?" मायने विचारलं.

"गणपतीक. आज संकष्टी मा?"

मायच्या हातातली सुरी थांबली. समोर गिऱ्हाइकं उभी असताना ती तशीच उठली. मला कळेना. मी म्हटलं, "माय, उपास तेंचो. आपण किरिस्ताव, आपणाक काय त्याचा?"

"उपास तेंचो, पण मासो माझ्या हातान गेलो," ती माझ्यावर कडाडली. "देव तेंका नाय, माका इचारतलो."

टोपली शेजारणीच्या गळ्यात मारून मी तिच्या मागोमाग रिक्षात चढले. वाटेत पानाचं कबूल केलं. तिने एक शिवी घातली नाही, त्यामुळे मला जास्तच रडू आलं. ईस्टरआधीच्या आमच्या उपवासकाळातला तो शुक्रवार, माय स्वतःही सकाळपासून नुसत्या पाण्यावर होती.

भाऊ ताटावर बसले होते. भातावर सरंग्याची कढी ओतलेली, हात कालवायला गेलेला.

"भाऊनू, थांबा! आज संकष्टी आसा. माझी चूक झाली."

ते बघतच राहिले. "पण काल धरलंय मी उपास. तू सांगलंस ना?"

"काल नव्हती. आज आसा." मायला मान वर करवेना. मी पुढे होऊन म्हटलं, पान मी उलटलं नव्हतं. आता चांगलं ऐकून घ्यावं लागणार, अशी मनाची तयारी केली होती. भाऊंच्या पाठीमागे भिंतीवर कॅलेंडर होतं, वहिनी गेल्या त्या महिन्याचं. त्यानंतर ते कुणी उलटलंच नव्हतं.

भाऊंनी हात धुतला आणि कढीचं पातेलं मायच्या हातात दिलं. "काल तुझ्या शब्दावर धरलंय, आज तिच्यासाठी धरतंय," एवढंच म्हणाले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"आता माझ्या शब्दार कोण इस्वास ठेवतलो?" परतताना माय म्हणाली. ती कढी शेवटी बाजारातल्या शेजारणीने खाल्ली, वर मीठ कमी असल्याचंही सांगितलं. भाऊ आता मायकडे येत नाहीत, हेही तिनेच चार जणींना सांगितलं. आणि ते खरं होतं. महिनाभर भाऊ बाजारात फिरकले नाहीत. माय रोज त्यांच्या वाटेकडे बघायची आणि मी माझ्या पायांकडे.

एप्रिलचं पान मी पहिल्या तारखेला पहाटेच उलटलं. मायने तरी दोनदा तपासलं. पुढच्या संकष्टीच्या सकाळी भाऊ पिशवी घेऊन थेट तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाये, आज माका मासो मिळात काय गो?"

मायने सुरी खाली ठेवली. "आज नाय, भाऊनू. आज संकष्टी."

"बरा," ते म्हणाले. पिशवीची घडी घातली आणि घरी निघून गेले. दुसऱ्या कुणाला एका शब्दाने विचारलं नाही.

माय डोळे पुसून मासे साफ करायला लागली. मीच शेजारणीकडे वळले आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बघितलात मा?"