वन्सांचा समोरून काढलेला फोटो

तुमच्या आत्याआजीचा फोटो सोबत पाठवते आहे. तो बघण्याआधी त्या सकाळी काय झाले ते वाचा. माझा स्वतःचाच अजून त्यावर विश्वास बसत नाही.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण; मी त्यांना वन्सं म्हणते. लहानपणी त्यांच्या डाव्या गालावर उकळती पेज सांडली होती. घरातला कुठलाही फोटो काढून बघा, लग्नातला असो की मुंजीतला, वन्सं एका बाजूने उभ्या, उजवा गाल पुढे. मागे मोबाइलवर बोलताना तुमच्यातल्या धाकटीने विचारले होते, आत्याआजी फोटोत नेहमी भिंतीकडे का बघते? फोन बंद होईपर्यंत वन्सं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एकदा समोरसून काढ माझो फोटो. पण बरो इलो नाय तर परत बसूचंय नाय."

म्हणजे संधी एकच. म्हापशाला स्टुडिओत न्यावे, तर वन्सं नुकत्याच मोठ्या तापातून उठलेल्या. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले होते. तेव्हा स्टुडिओतला प्रकाश घरीच करायचे ठरवले आणि इंटरनेटवर नीट वाचून काढले. फ्लॅशचा किंवा उन्हाचा झोत थेट पडला की सुरकुत्या खोल दिसतात, जुना व्रण तर अधिकच. तोच प्रकाश मोठ्या पांढऱ्या कापडातून आला की पसरतो आणि सावल्यांच्या कडा विरून जातात. कापड जितके मोठे आणि चेहऱ्याला जितके जवळ, तितका प्रकाश मऊ. दुसऱ्या बाजूने काही पांढरे धरले की सावलीतला गालही उजळतो.

मागे पसारा दिसू नये म्हणून मी पुढची खोली रिकामी केली. सोफा व्हरांड्यात, खुर्च्या अंगणात. पूर्वेच्या खिडकीवर पांढरी चादर टाचली, दुसरी जमिनीवर अंथरली, खालूनही उजेड यावा म्हणून. वन्सं आत रेशमी लुगडे नेसत होत्या. तेवढ्यात पोदेर सायकलवर पाव घेऊन दारात आला. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी नुसता हात हलवला, आज नको. त्याने अंगणातल्या खुर्च्या पाहिल्या, रिकामी खोली पाहिली, जमिनीवरची चादर पाहिली. डोक्यावरची टोपी काढली आणि भोंपू न वाजवता निघून गेला. भला माणूस, असे वाटून मी पुन्हा कामाला लागले.

वन्सांना खिडकीपाशी बसवले. गणपतीच्या मखरातला उरलेला थर्माकोल त्यांच्या डाव्या बाजूला उभा केला, तो सारखा पडत होता. तो सावरत असताना अंगणात पावले वाजली. बाहेर येऊन बघते तर आमच्याच खुर्च्यांवर शेजारीपाजारी मान खाली घालून बसलेले. शेजारीण उठली, मला मिठी मारली आणि रडू लागली. सुटली बिचारी, हाल झाले नाहीत, असे काहीसे ती म्हणत होती. कोण सुटली ते मला कळेना. मग कळले: पोदेराने घरोघरी वन्सं गेल्याचे सांगितले होते. आपल्याकडे पुढची खोली रिकामी करून अंगणात खुर्च्या कधी मांडतात, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आले नव्हते.

मी काही सांगणार, इतक्यात फाटकापाशी गाडी थांबली. माझे धाकटे दीर, डिचोलीला राहणारे; त्यांनाही कोणी फोन केला असावा. वाटणीच्या भांडणानंतर त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती. हातात शेवंतीचा हार होता. माझ्याकडे न बघता ते आत गेले आणि उंबऱ्यातच मटकन खाली बसले.

समोर वन्सं बसल्या होत्या, खिडकीतून येणाऱ्या दुधासारख्या उजेडात, ताठ. चेहरा दरवाजाकडे, पुरा. इतक्या वर्षांत मीही तो तसा पाहिला नव्हता.

"आक्का," दीर म्हणाले.

वन्सं हाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेलंय म्हणून इलंस. जिती असताना येवक जमलां नाय तुका?"

अंगणातले सगळे दारात गोळा झाले. कोणी हसले नाही. वाटले, संपले, आता वन्सं पदर ओढून उठतील आणि पुन्हा कधी बसणार नाहीत.

त्या उठल्या नाहीत. भावाला म्हणाल्या, "तो हार ठेव भायर आणि ह्या पांढरा धर. पडता सारख्या. रडाचा असात तर रड, पण हात हलव नको."

दिरांनी थर्माकोल धरला. ते रडत होते, पण हात हलला नाही. वन्सांनी त्यांच्यावरून नजर समोर वळवली आणि मी फोटो काढला.

वन्सांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. व्रण दिसत होता, पण मऊ, गालाचाच एक भाग असल्यासारखा.

"पोरांका पाठव," त्या म्हणाल्या. "आणि ह्याका पण एक."

तेव्हा मला आठवले की माझ्या सख्ख्या दिरांचा नंबर माझ्याकडे नाही. मी तसे म्हटले, तर ते थर्माकोल धरूनच एकेक आकडा सांगू लागले.