ज्वारीच्या दाण्यांची नावं

बाळांनो, तुमच्या व्हिडिओसाठी तुम्ही जुन्या मालिकांच्या सुरुवातीची नावं बघताय, आणि तुला कोणती आठवतात, असं काल फोनवर विचारलंत. मला मालिका नाही, सोनपेठचं आपलं अंगण आठवलं.

तुमच्या आईचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. शूटिंगवाल्याला कॅसेटच्या सुरुवातीला टीव्हीसारखी नावं हवी होती. तुमच्या आजोबांची बहीण, आमच्या शकूवन्सं, रांगोळीत पटाईत. त्यांनी घोंगडीवर ज्वारीच्या दाण्यांनी नवरानवरीची नावं काढली. नव्या ज्वारीचा गोडसर वास अंगणभर होता. शेवटचं अक्षर तेवढं कॅमेऱ्यासमोर काढायचं ठरलं.

"आत्याबाई, तुमचा हात दिसायलाय," शूटिंगवाला म्हणाला.

"दिसू दे की! हाताला काय होतंय? तोंड न्हाई दिसलं म्हंजे झालं," वन्सं हसल्या. आम्हीही हसलो.

वन्सं विधवा होत्या. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तेव्हा रीतीप्रमाणे त्या आतल्या खोलीत बसून राहिल्या. मांडवात या, असं कुणी म्हटलं नाही आणि कुणाला ते खटकलंही नाही. आता वाटतं, मांडव तर दारातच होता. हाक मारली असती तर त्या आल्या असत्या. त्या गेल्या तेव्हा हार घालायला त्यांचा एक फोटोही सापडला नाही.

लग्नाची कॅसेट पुढे बुरशीनं खराब झाली. आता सुरुवातीची नावं तेवढी दिसतात, आणि शेवटचं अक्षर पुरं करणारा वन्संचा बांगडी नसलेला हात.