नळीच्या तोंडावर अंगठा

लातूरच्या क्लासमध्ये मुलांना प्रयोग दाखवायला गार स्पिरिटची बाटली उघडली आणि त्या वासासरशी नांदेडची आमची प्रयोगशाळा आठवली. आणि माझी वर्गमैत्रीण सुनंदा.

भूकंपात तिचं अख्खं घर गेलं. ही हॉस्टेलवर होती म्हणून वाचली. गावात सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला, त्यामुळे आईची राखसुद्धा तिला वेगळी मिळाली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी प्रयोगशाळेत आम्ही मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, त्या पाण्यात साबण आणि स्पिरिट घालून स्वतःचा डीएनए काढला. परीक्षानळीत पांढरे धागे तरंगले.

"अर्धं आईचं, अर्धं बापाचं," सर म्हणाले.

तास संपल्यावर आम्ही नळ्या बेसिनमध्ये ओतल्या. सुनंदाने ओतली नाही. मला घेऊन ती थेट गोदावरीच्या घाटावर आली, पाण्यात उतरली, नळी तिरपी केली आणि एकदम सरळ धरली.

"काय झालं गं?"

"ह्यात मी बी हाय की."

तेव्हा वाटलं, बरं झालं, भानावर आली. आता इथे मुलं खिदळत चुळा भरतात आणि मला ती पाण्यात उभी दिसते, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून. नदीत सोडवत नव्हतं, आणि परत न्यायला घर नव्हतं.