आस्लेने जोडलेले पाइप

पहाटे साडेपाचला तळघरातला बॉयलर पेटायचा आणि मग आवाज सुरू व्हायचा. आधी जमिनीखालून एक ठोका, मग स्वयंपाकघराच्या भिंतीत दोन, मग जिन्यालगत टकटक करत आवाज वर माडीवर यायचा. गरम पाणी शिरलं की तांब्याचे पाइप ताणतात, त्याचा तो आवाज. गुनवोरला हे चांगलं ठाऊक होतं. नवऱ्यानेच तिला समजावून सांगितलं होतं. तरी तो गेल्यापासून ती रोज सव्वापाचलाच जागी व्हायची आणि कान लावून पडून राहायची. जिन्यालगतचे ठोके आले की वाटायचं, आला. मग आवाज खोलीच्या दाराशी येऊन थांबायचा. दार काही उघडायचं नाही.

तशी वाट पाहण्याची सवय तिला जन्माची होती. आस्ले मालवाहू बोटीवर इंजिनिअर. वर्षातले आठ महिने तो समुद्रावर आणि ही नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्योर्डच्या चिंचोळ्या खाडीकाठच्या या उतरत्या छपराच्या घरात. मूलबाळ झालं नाही. गावच्या फेरीबोटीवर तिने एकतीस वर्षं तिकिटं फाडली. दिवसातून चौदा वेळा पलीकडे जायचं आणि चौदा वेळा परत यायचं. बायका हसून म्हणायच्या, "नवरा जगभर हिंडतो आणि तू या काठावरून त्या काठावर!"

लग्नानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात आस्ले रजेवर आला तो भंगारात निघालेल्या बोटीचे तांब्याचे पाइप ट्रकभर घेऊनच. दहा आठवडे तो घरभर भोकं पाडत आणि सांधे जोडत हिंडला. भिंतीतून, जिन्याखालून, माडीपर्यंत त्याने पाइप नेले. शेवटचा सांधा जोडून झाल्यावर हात पुसत म्हणाला, "आता मी कुठल्याही समुद्रावर असलो तरी तुझे पाय गार पडायचे नाहीत." एवढंच. बोलण्यात तो फार खर्चीक नव्हता.

निवृत्त होऊन तो घरी आला आणि सहा वर्षांत फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. तो जुलै त्या किनाऱ्याने कधी न पाहिलेल्या उकाड्याचा होता. माडीवरच्या दुसऱ्या खोलीत आस्ले उशांना टेकून बसायचा आणि एकेका श्वासासाठी झगडायचा. गुनवोर ओल्या चादरी खिडकीला टांगायची, थंड पाण्याचे रुमाल त्याच्या मानेवर ठेवायची. "जरा वारा असता ना, गुन," तो म्हणायचा. वारा आला तो ऑगस्टच्या शेवटी, त्याला पुरून आल्यावर.

पुढच्या वसंतात सरकारी कागद आला. नव्या वर्षापासून घर गरम करायला तेल जाळायचं नाही. तेलाचे बॉयलर काढा, दुसरी सोय करा. गुनवोरने तो कागद ब्रेडच्या डब्याखाली सारला आणि उन्हाळा जाऊ दिला.

सप्टेंबरात शेजारची बोर्गहिल्ड कॉफीला आली आणि डब्याखालचं टोक तिला दिसलं. तिने ते ओढून वाचलं.

"अगं, चार महिने राहिले की! थंडीत काय करणार आहेस, मेंढ्या पांघरून झोपणार?"

"बघते."

"बघते काय? बॉयलरशी काय लग्न लावलंयस का? माणूस बोलाव. एक नको, तीन बोलाव. आणि सही लगेच करू नकोस, तू मेली भिडस्त."

म्हणून गुनवोरने तिघांना बोलावलं. आता या घरी हीट पंपच बसायचा होता, बाहेरच्या हवेतली ऊब खेचून खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरच्या पाण्यात सोडणारा. तो कुणाकडून बसवून घ्यायचा, एवढाच प्रश्न होता.

पहिला आला स्तियान, शहरातल्या मोठ्या कंपनीचा. दातांची छान ठेवण, हातात टॅबलेट. त्याने घराचं क्षेत्रफळ विचारलं, बोटाने दोनदा टिचक्या मारल्या आणि आकडा दाखवला. "आज सही केलीत तर पंधरा टक्के कमी."

"तळघर बघायचं नाही?"

"गरज नाही हो. अशी घरं आम्ही शेकड्यांनी केलीत."

तो गेला तेव्हा त्याची कॉफी अजून वाफाळत होती.

दुसरा विदार. हा पलीकडच्या गावचा, साठीचा, गोल पोटाचा. दारातच बूट काढता काढता त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "वहिनी! आस्लेचं घर! तरुणपणी एक हंगाम होतो मी त्याच्या बोटीवर. इंजिनवर नुसता हात ठेवून सांगायचा, आतलं काय दुखतंय ते."

गुनवोरने धिरडी तापवली, वर तपकिरी चीज घातलं. विदार खात होता, सांगत होता. वादळात आस्लेने चौदा तास पंपापाशी उभं राहून काढले ती गोष्ट. बंदरात सगळे दारू प्यायला गेले आणि हा एकटा टपालकचेरी शोधत फिरला ती गोष्ट. ही तिने कधी ऐकली नव्हती. ती परत परत त्याच्या कपात कॉफी ओतत राहिली. वर्षभरात आस्लेचं नाव त्या स्वयंपाकघरात एवढ्या वेळा कुणी घेतलं नव्हतं.

मग तो तळघरात जाऊन आला, पाच मिनिटांत. "वहिनी, सोनं आहे सोनं. एक पाइप हलवायचा नाही. बॉयलरच्या जागी नवं यंत्र ठेवू, बाकी जसंच्या तसं."

"आवाज तसाच राहील?"

"कसला आवाज? हो, हो, सगळं तसंच."

"लेखी द्याल ना?"

"आपल्यात कसलं लेखी, वहिनी?"

ती भारावली होती. होकार जिभेवर आला होता. तेवढ्यात बोर्गहिल्डचा 'भिडस्त' कानात वाजला आणि ती म्हणाली, "अजून एक माणूस यायचंय. मग कळवते."

ते माणूस म्हणजे योरुन. पंचेचाळिशीची, उंच, अबोल बाई. कॉफी विचारली तर म्हणाली, "काम झाल्यावर." खोलीखोलीतून हिंडली, खिडक्या मोजल्या, रेडिएटरांना हात लावला, भिंतीत काय भरलंय ते विचारलं. कुठल्या खोलीत बसता, कुठल्या बंद असतात, पाय कुठे गारठतात, सगळं लिहून घेतलं. दोन तास गेले. गुनवोरने धीर करून आवाजाचं विचारलं.

"तो जाईल," योरुन म्हणाली. "पंपाचं पाणी इतकं कडक तापत नाही. दिवसभर सारखं कोमट फिरतं. पाइप ताणणार नाहीत, वाजणारही नाहीत."

"विदार म्हणाले, राहील."

"नाही राहणार."

गुनवोरला ती बाई तिथेच नकोशी झाली. त्यात तळघरातून तिची हाक आली. योरुन बॉयलरपाशी उकिडवी बसली होती, बॅटरीचा झोत एका जागी धरून.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"हा सेफ्टी व्हॉल्व्ह. आत दाब वाढला की यातून पाणी बाहेर पडतं, म्हणून बॉयलर फुटत नाही. याच्या तोंडाला पितळी बूच मारलंय, आवळून."

"शक्य नाही. माझ्या नवऱ्याने तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली."

"मग काय करतोय ते त्यांना माहीत असणार."

"चालत्या व्हा!" गुनवोरचा आवाज तळघरात घुमला. इतक्या मोठ्याने ती फेरीवरच्या दारुड्यांवरही कधी ओरडली नव्हती.

योरुन उठली, पण निघायच्या आधी तिने बॉयलर बंद केला. "हा असा चालू ठेवून मला जाता येणार नाही. रागवा." गाडीतून विजेचे दोन हीटर आणून तिने दारात ठेवले. वर एक कागद ठेवला. "कुणालाही काम द्या, पण हा पेटवू नका. कागदावर माझ्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. तिसऱ्या बाईंकडचं माझं काम बिघडलं होतं. त्यांना जरूर विचारा."

ती गेल्यावर गुनवोरने विदारला फोन लावला. तिला एवढंच ऐकायचं होतं, की ती बाई खोटारडी आहे.

"ते बूच होय?" विदार हसला. "पाहिलं की मी. म्हटलं, वहिनींना कशाला सांगा. आस्लेच्या हातून असं झालं म्हटलं की तुम्हाला वाईट वाटणार."

"पण बॉयलर पेटता होता. मी वर राहत होते."

"इतके दिवस काही झालं नाही ना? नव्या वर्षात तो जाणारच आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वहिनी."

तिने फोन ठेवला. ज्या माणसाने आस्लेची एवढी आठवण काढली, त्याने तिला फुटू पाहणाऱ्या बॉयलरच्या वर गोड बोलून बसवून ठेवलं होतं.

ती तळघरात उतरली. बॉयलर गार पडत होता. बुचावर पान्याचे ओरखडे होते, वेडेवाकडे, घसरलेल्या हाताचे. आस्लेचा हात कधी घसरायचा नाही. मग तिला शेवटचा हिवाळा आठवला. हा व्हॉल्व्ह तेव्हा गळायला लागला होता. खाली बादली ठेवायची, ती दिवसाआड भरायची. तळघराला मोरी नाही, म्हणून गुनवोर दुखऱ्या कमरेने तेरा दगडी पायऱ्या चढून ती बाहेर ओतायची. आस्ले माडीवरून तिच्या पायांचा आवाज ऐकत असायचा. एके दिवशी ती दुकानातून परतली तर तो जिन्यात बसला होता, चेहरा राखेसारखा, गुडघ्यांना माती. "गळती थांबली," एवढंच म्हणाला होता. ती खूश झाली होती. कशी थांबली, हे तिने विचारलंही नव्हतं.

त्याला कळत होतं. अगदी चांगलं कळत होतं. वसंतात बरा होईन, नवा व्हॉल्व्ह आणीन, असं ठरवलं असेल त्याने. गुनवोर त्या गार बॉयलरला कपाळ टेकून रडली. त्याला पुरलं त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने कागदावरच्या तिसऱ्या नंबरला फोन केला.

"बिघडलं होतं, खरं आहे," पलीकडची बाई म्हणाली. "ऐन नाताळात घर गारठलं. पण बोलावल्याबरोबर आली. दोन दिवस आमच्या तळघरात बसून होती. चूक माझी म्हणाली आणि दुरुस्त करून गेली. तिला हसता येत नाही, बाकी काही उणं नाही."

योरुन परत आली तेव्हा गुनवोरने आधी माफी मागितली. योरुनने मान हलवली आणि कोटेशन टेबलावर पसरलं. कुठले पाइप राहतील, कुठले बदलतील, किती दिवस लागतील, बिघडलं तर कोण येईल, ओळीने सगळं लिहिलेलं.

"यात अजून एक लिहा," गुनवोर म्हणाली. "माडीवरच्या दुसऱ्या खोलीत उन्हाळ्यात थंडावा हवा. हा पंप उलटाही चालतो, असं ऐकलंय."

"चालतो. पण ती खोली रिकामी असते, तुम्हीच म्हणालात. रिकाम्या खोलीसाठी कशाला? मला काम मिळेल, पण तुम्हाला गरज नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मला हवंय."

योरुनने तिच्याकडे बघितलं. पेन काढलं आणि ओळ लिहिली.

नोव्हेंबरात सात दिवस काम चाललं. बॉयलर दारातून मावेना, म्हणून तुकडे करून न्यावा लागला. जिन्यालगतचे पाइप तेवढे आस्लेचे राहिले. आठव्या पहाटे गुनवोर सव्वापाचला जागी झाली आणि कान लावून पडून राहिली. साडेपाच वाजले. सहा वाजले. बाहेर फेरीचा भोंगा झाला. घर उबदार होतं आणि गप्प होतं. सातला ती उठली, अनवाणीच जिन्यापाशी गेली आणि पाइपावर तळहात ठेवला. कोमट होता. हिवाळाभर ती रोज सकाळी तसा हात ठेवायची.

जुलैत आठवडाभर कडक ऊन पडलं. बोर्गहिल्ड घामाघूम होऊन आली आणि गुनवोर तिला माडीवर घेऊन गेली. आस्लेच्या खोलीत संथ गारवा होता. पलंगावर धुतलेली चादर, उशा एकावर एक रचलेल्या, कुणीतरी टेकून बसावं अशा.

"स्वर्ग आहे गं!" बोर्गहिल्ड पलंगावर बसू लागली.

"तिकडे खुर्चीवर बस," गुनवोर म्हणाली.

बोर्गहिल्डने त्या रचलेल्या उशांकडे पाहिलं. तिने खुर्ची ओढली. गुनवोर खिडकीपाशी उभी राहिली, पाठ वळवून. पलीकडच्या काठावरून फेरी सुटली होती.