खोडलेली ओळ

"असेल. पण मी धुतलेला नाही."

आमच्या घरी पहिल्यांदा पाणी दिलं, आई म्हणाली पेला धुतलेलाच आहे, तेव्हा ती आईला हे म्हणाली, आणि बेसिनपाशी जाऊन तो लख्ख पेला तीनदा विसळून आली. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इथे बंगालात, बागबाजारातल्या आमच्या वरच्या खोलीत नवी भाडेकरू आली, ती चक्क मराठी निघाली, म्हणून आईने थालीपीठं लावली होती. आणि ही बाई पेला विसळत होती!

अपमान वगैरे काही नव्हता त्यात. दहा वर्षं प्रयोगशाळेतली काचेची भांडी विसळून हातांना तेवढंच ठाऊक होतं.

ती पोस्टडॉक होती. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. नसतील तर पाहा, कारण स्वच्छ ऊर्जेची भाषणं व्यासपीठावरून कुणीही ठोको, काम ही माणसं करतात. पीएचडी झालेली, पण प्राध्यापक नाहीत. विद्यार्थी नाहीत, धड नोकरदारही नाहीत. मुदत एका वर्षाची, पुढचं वर्ष प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या मर्जीवर. पस्तिशीला आलेल्या, सांगलीहून इथे आलेल्या या बाईला गल्लीतले एक आजोबा विचारायचे, "अजून शिकताच आहात?" ती हसून म्हणायची, "काय करणार, येतच नाही अजून." संताप मला यायचा. आजोबांचा नव्हे, तिला असं टांगून ठेवणाऱ्यांचा.

तिचं काम तिनेच मला समजावलं होतं. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन सुटतो, धूर न करणारं इंधन. ते कमी विजेत व्हायचं तर पाण्यात बुडवलेल्या पट्टीवर उत्प्रेरक लावावा लागतो. त्यात प्लॅटिनमचा हात कुणी धरू शकत नाही, पण ते इतकं महाग की गरिबाच्या घरापर्यंत ते इंधन पोचायचंच नाही. ती निकेलची एक काळी भुकटी बनवत होती. प्लॅटिनमचं काम निकेलकडून करून घ्यायचं, एवढाच हट्ट.

आणि ते जमलं. परीक्षकांनी तिचा शोधनिबंध मान्य केला. त्याच्या जोरावर मुदत वाढणार होती, एका कायमच्या नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणंही आलं होतं. मी कोळशाच्या धुराविरुद्ध पत्रकं काढणारी. मला घबाडच मिळालं. तिला न विचारता मी ठळक ओळ टाकली, 'आपल्याच शहरात प्लॅटिनमशिवाय हायड्रोजन!' गठ्ठे छापूनही आले.

एक पत्रक दाखवायला वर गेले, तर ती वही मांडीवर घेऊन बसलेली.

"रोज सुधारतंय गं ते," ती म्हणाली.

"मग चांगलंच की, ताई!"

"राबून राबून कुणी ताजंतवानं होतं का? तू होतेस? उत्प्रेरक वापराने झिजायला हवा. माझा रोज तरुण होतोय."

त्या भांड्यात दोन टोकं असतात. एकावर तिची भुकटी. दुसरं म्हणजे प्लॅटिनमची तार, कित्येक ठिकाणी सर्रास वापरतात ती. ती तार कणाकणाने विरघळून भुकटीवर जाऊन बसत असली तर? तिने तार काढून तिथे कार्बनची काळी कांडी लावली आणि नव्या भुकटीवर सगळा प्रयोग पुन्हा केला. सुधारणा नाहीशी. जुनी भुकटी तपासून घेतली, तर तिच्यावर प्लॅटिनम. निकेलच्या नावावर प्लॅटिनमच राबत होतं.

सर म्हणाले, "परीक्षकांनी विचारलं का? मग तू कशाला ओढवून घेतेस?"

"त्यांनी विचारलं नाही. मला दिसलं," ती म्हणाली, आणि निबंध मागे घेतल्याचं पत्र स्वतः पाठवून आली.

मी भांडले. लाज वाटते, पण भांडले. "ताई, उद्देश चांगला आहे ना? लोकांना काय कळतंय त्या तारेतलं?"

"हेच धूर सोडणारेही म्हणतात ना? लोकांना काय कळतंय?"

तिने गठ्ठा सोडला, पेन काढलं आणि पहिल्या पत्रकावरची ती ओळ खोडली. मग दुसऱ्या. मीही बसले. थोड्या वेळाने आई कणकेचे हात धुऊन आली आणि म्हणाली, "आण गं इकडे एक पेन." रविवारची अख्खी दुपार आम्ही तिघी माझा डंका खोडत होतो.

सोमवारी बराकपूर स्टेशनवर वाटायला तीही आली. खोडलेली ओळ सगळ्यांनी आधी वाचली! एक बाबू पत्रक उन्हात धरून म्हणाले, "इथे काय होतं?"

"चूक," तिने मोडक्या बंगालीत सांगितलं.

"कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आमार." माझी.

बाबूंनी तिच्याकडे नीट पाहिलं, पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. बाकी पत्रकं लोक कुठे टाकतात ते मला माहीत आहे.

मुदत वाढली नाही. मुलाखतीचं बोलावणं मागे घेतलं गेलं. चूक शोधणाऱ्याला शिक्षा आणि झाकायला सांगणाऱ्याला बढती, हे मी ठळक अक्षरांत लिहीन, आणि ही ओळ मी खोडणार नाही. ती आता दुसऱ्या शहरात, दुसऱ्या प्रयोगशाळेत आहे, पुन्हा एका वर्षापुरती. तिचं निकेल प्लॅटिनमच्या पासंगालाही पुरत नाही अजून. "पण जेवढं करतं तेवढं त्याचं आहे," ती फोनवर म्हणाली, आणि घाई आहे म्हणून ठेवून दिला.

तिची पुस्तकं न्यायला मी प्रयोगशाळेत गेले होते. तिच्या टेबलाशी एक नवी बंगाली मुलगी बसली होती. समोर ताईची वही उघडी.

"यात सगळं लिहिलंय," ती मुलगी म्हणाली. मग हळूच, "दीदींना जावं लागलं ते याच्यामुळे?"

खोटं सांगता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

तिच्या हाताशी डबीत प्लॅटिनमची तार चमकत होती. मुलीने दाराकडे पाहिलं, सर नव्हते. मग डबीचं झाकण लावलं आणि मला म्हणाली, "जरा ती कांडी द्याल? काळी."