होळीनंतर पंधरा दिवसांनी

रविनाला मी तोंडावर घाबरट म्हणते. खांडबाऱ्याची पोर, अक्कलकुव्याला आमच्या संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. मी तिथली नर्स. यादी छापायची तर तीनदा तपासणार, मग मलाही तपासायला लावणार. "अगं बाई, जरा श्वास घे," असं मी रोज ओरडते.

जोखमीच्या गरोदर बायकांना बाळंतपणाच्या तारखेआधी दवाखान्याजवळ आणून ठेवायचं, हे आमचं काम. गाडी यादीवर चालते. यादी आधी गावानं लागते आणि गावात तारखेनं. दर सोमवारी रविना एकेक गाव घेते, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत असं मागते, आणि नावं येतात.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सकाळीच डोंगरातून फुलवंताबाईचा फोन. पाड्यावरच्या नोंदी मोबाईलवर तीच भरते. "बाई, दिवलीच्या पोटात दुखतंय. गाडी का नाही आली?"

दिवलीबाई! सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आजाराची, पहिल्या खेपेला मरता मरता वाचलेली. यादीत तिचं नावच नाही. माझं डोकं फिरलं. "तीनदा तपासतेस ना? मग ही गेली कुठे?"

रविना कॉम्प्युटरकडे वळली. तारखेची अट काढून तिनं अख्खं गाव मागितलं. दिवली होती, अगदी तळाशी. तारखेच्या जागी फुलवंताबाईनं लिहिलं होतं, 'होळीनंतर पंधरा दिवसांनी'. डोंगरात दिवस होळीवरूनच धरतात, तिचं काय चुकलं? पण मशीन अक्षरांना सगळ्या आकड्यांच्या मागे टाकतं, आणि आमची मागणी शेवटच्या तारखेलाच थांबायची.

"ताई, मन्हीच चूक शे," एवढंच रविना बोलली आणि गाडीत येऊन बसली. लॅपटॉप तिनं सोबतच घेतला होता.

रस्ता संपतो तिथे चार माणसं बांबूच्या झोळीतून दिवलीला उतरवत होती. बाळ वाटेत गाडीतच झालं, माझ्या हातांत. रडलं एकदाचं! दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आई-मुलगी दोघी ठीक आहेत. मला तर रडूच आलं. बाहेर येऊन रविनाला म्हटलं, "सुटलीस गं पोरी. चल, चहा पी."

तिनं मान वर केली नाही. बाकावर लॅपटॉप उघडा होता.

"सगळ्या गावांचा तळ काढला ताई," ती म्हणाली. "अशा आणखी सहाजणी आहेत. दोघींची तारीख कधीच उलटून गेली."