चार ठाकूरवाड्या आणि डोळ्यातले थेंब

मंगळवारी सकाळी पेणला, रामवाडीत घरासमोर बाईक पुसत उभा होतो... एवढाच माझा गुन्हा. आईने हातात एक पिशवी कोंबली आणि म्हणाली, "नाहीतरी बोंबलत फिरतोसच ना, आज कामासाठी फिर."

पिशवीत डोळ्यात घालायचं औषध. आईबरोबर पापड लाटायला यमुनाताई असते, तिच्या वडिलांचं, गोमाबाबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन डोळ्यांच्या कॅम्पात झालं होतं. काल पट्टी काढली, बाबा तिच्या पेणच्या खोलीवर चहा प्यायले आणि औषध तिथेच विसरून गावी गेले.

त्यांचा दुसरा डोळा आधीच गेलेला. दर दोन तासांनी थेंब पडला नाही तर हाही चिघळेल, असं डॉक्टरने बजावलेलं... आणि कालपासून एकही थेंब पडला नव्हता.

आता पिशवी द्यायला आलेल्या यमुनाताईने दिलेला पत्ता ऐका. "नागोठण्यावरून रोह्याच्या रस्त्याला लाग. खिंड चढलास की डोंगरात ठाकूरवाडी. कोणी पण सांगंल." एवढं बोलून बाई कामाला गेली. कामावर तिचा फोन बंद असतो.

हायवेबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हीही त्यावरून जाता. वाटेत ताडगोळे दिसले म्हणून थांबलो आणि ताडगोळेवालीशी मिठागरांवरून गप्पा मारत बसलो... वीस मिनिटं गेली. हे माझं चुकलं, मान्य.

खिंड चढल्यावर बैल घेऊन चाललेल्या काकांना विचारलं, "ठाकूरवाडी?" काकांनी काठीने डोंगर दाखवला. "ही काय वर."

वर म्हणजे दगडांचा रस्ता. पहिल्या गियरवर, बूड आपटत वाडीत पोचलो, तर तिथे गोमा नावाचा माणूसच नाही. "तुमाला पलीकडची ठाकूरवाडी पायजे," एक आजी म्हणाली. पलीकडची! म्हणजे पुन्हा खाली, पुन्हा वर.

दुसऱ्या ठाकूरवाडीत मात्र सगळे एकदम म्हणाले, "गोमा? हाय की!" मला मिरवत एका घरापाशी नेलं. गोमा छपरावर कौलं सारखी करत होता. शिडीवरून सरसर खाली आला... वय असेल चाळीस, दोन्ही डोळे ठणठणीत.

"माज्या डोल्याला काय झालाय?" त्याने घाबरून मलाच विचारलं. अख्खी वाडी हसायला लागली. मग त्याने बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "आणलंयस तर टाक दोन थेंब. सांजचा जरा कमी दिसतंय."

बाटली त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली.

तिसऱ्या ठाकूरवाडीत माणूसच नव्हतं. सगळे मजुरीला गेलेले. एक कुत्रा होता, तो बाईकच्या मागे रस्त्यापर्यंत आला.

बारा वाजून गेले. फोनला रेंज नाही, डोक्यावर ऊन, आणि डोक्यात एकच... आपण इथे फिरतोय आणि तिकडे म्हाताऱ्याचा डोळा जातोय. रस्त्याकडेच्या हातपंपावर तोंड धुवायला थांबलो. एक वहिनी हंडा भरत होत्या. त्यांच्यावरच भडकलो.

"तुमच्याकडे कोणाला धड पत्ता सांगता येत नाही का हो?"

"कुठं जायचंय?"

"ठाकूरवाडीला!"

"कंच्या?"

"तेच तर मी सकाळपासून विचारतोय!"

वहिनींनी हंडा खाली ठेवला आणि पोट धरून हसल्या. "अरं बाबा, ठाकूरवाडी तुमी बोलता. खालची माणसा. आमी ठाकर जिथं रावतो ती तुमची ठाकूरवाडी. आमी आमच्या वाडीला असा कशाला बोलू? माझा माहेर चिंचमाळ, सासर उंबरपाडा. तुला पाठवला कोनी, त्याचा नाव सांग."

"यमुना. पेणला पापड..."

"यमी! मंग फणसमाळ बोल ना! ती पाण्याची टाकी दिसते ना, तिच्या मागून जा."

सकाळपासून ज्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो, त्या सगळ्यांनी मला बरोबर पत्ता सांगितला होता. मी विचारतच होतो ते नाव, जे तिथे राहणारं कोणी आपल्या वाडीला देत नाही. यमुनाताई बिचारी आमच्यासारख्यांना कळावं म्हणून तेच सांगत असणार... आणि पेणमध्ये इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं.

दहा मिनिटांत फणसमाळ. गोमाबाबा काळा चष्मा लावून ओटीवर बसलेले, डोळ्यातून पाणी गळत होतं. त्यांची बायको म्हणाली, "माझा हात कापतो, तूच टाक."

मी? आयुष्यात कोणाच्या डोळ्यात काही टाकलं नव्हतं. साबणाने तीनदा हात धुतले, बाबांचा चष्मा काढला. पहिला थेंब गालावर, दुसरा नाकावर. "बाबा, हलू नका ना!" "मी नाय हलत, तूच हलतोस." तिसरा बरोबर आत गेला.

बाबा डोळा मिटून बसून राहिले. मी बाटलीचं झाकण लावलं. मग त्यांनी हळूच डोळा उघडला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"यमीनं पाठवला तो तूच काय? दाडी कर जरा. चोरावानी दिसतोस."

अख्खा दिवस गेला, पाठीचा खुळखुळा झाला, आणि वर दाढीवरून बोलणी खाल्ली. पण बाबांना माझी दाढी दिसली हो... पेणपर्यंत हेल्मेटमध्ये एकटाच हसत आलो.